फोटोखालचं नाव

जर्सी सिटी, रविवार रात्र

ती. आईस,
सा. न. वि. वि.

मायना बाबांना खूश करायला घातलाय. बाकी पत्र मी बोलते तसंच असणार. व्हॉट्सॲपवर तुकडे टाकत बसले की तू प्रत्येक तुकड्याला ‘जेवलीस का’ विचारतेस, म्हणून आता रोज रात्री एकच सलग पत्र. जेवले.

प्रवासात सांगण्यासारखं काही झालं नाही. इमिग्रेशनच्या खिडकीवरच्या माणसानं विचारलं, काम करायला आलात का? मी म्हटलं, काम मागायला. तो हसला नाही. मग नीट समजावलं: मुंबईतल्या पेज थ्री पार्ट्यांचे फोटो काढते, त्यांचा पोर्टफोलिओ दाखवायचाय, चारदोन भेटी ठरल्यात, इथे एक डॉलरही कमावणार नाही. माझ्या व्हिसावर एवढंच चालतं. बैठका करा, बोलणी करा, पण कॅमेरा उचलून मेहनताना घेतला की नियम मोडला. त्यानं शिक्का मारला.

ताईनं हॉलमधल्या सोफ्यावर माझी सोय केलीय. खिडकीतून नदीपलीकडचं मॅनहॅटन दिसतं, निदान त्याच्या वरच्या टोकांचे दिवे तरी.

मी सारखं ज्याचं नाव घेते त्या फोटोग्राफर सेसिल बीटनचा एक फोटो तुला नक्की माहीत आहे. एलिझाबेथ राणीचा, १९५३ च्या राज्याभिषेकाचा. डोक्यावर मुकुट, हातात राजदंड, मागे वेस्टमिन्स्टर ॲबीच्या कमानी. त्या कमानी पडद्यावर रंगवलेल्या आहेत; फोटो काढला बकिंगहॅम पॅलेसमध्ये. माणूस कसा होता ते त्या पडद्यावरून ओळखावं. लंडनच्या लाकडाच्या व्यापाऱ्याचा मुलगा, जन्म १९०४ चा. घरी सांभाळायला ठेवलेल्या बाईंच्या कोडॅकवर हात बसवला. आईला आणि बहिणींना नटवून फोटो काढायचा, मासिकांना पाठवायचा, आणि वर दुसऱ्याच नावानं चिठ्ठी धाडायचा की या बीटनचं काम बघा, फार छान आहे! केंब्रिजमधून पदवी न घेताच बाहेर पडला. १९२७ मध्ये लंडनला प्रदर्शन भरवलं आणि पुढच्या वर्षी, १९२८ च्या नोव्हेंबरात, बोटीनं न्यूयॉर्क गाठलं. वय चोवीस. इथून तो आईला पत्रं लिहायचा. मला पत्रांची हुक्की कुठून आली ते कळलंच असेल.

सोमवार

आज कुणाला भेटायचं नव्हतं, म्हणून चालले. पाथ गाडीनं तेहतिसाव्या रस्त्यावर उतरून ग्रँड सेंट्रल, आणि तिथून पार्क अव्हेन्यूनं वर.

ग्रँड सेंट्रलला लागून लेक्सिंग्टन अव्हेन्यूवर ग्रेबार बिल्डिंग आहे. बीटन आला तेव्हा ‘व्होग’ या फॅशन मासिकाचं ऑफिस इथे होतं आणि इमारत नवीकोरी, १९२७ ची. आत जाण्यात अर्थ नव्हता, पण दारातच पाय अडले. दारावरचं छत ज्या दांड्यांनी तोलून धरलंय त्या जहाजाच्या दोरखंडांसारख्या घडवल्यात आणि त्यांवरून धातूचे उंदीर वर चढताहेत. अगदी शेपट्यांसकट. बंदरातले उंदीर दोरावरून जहाजात शिरतात, आणि न्यूयॉर्क म्हणजे बंदर, म्हणून कुणा वास्तुरचनाकारानं ही थट्टा केली. बगलेत फायली मारून कामाच्या आशेनं आलेल्या किती जणांनी या उंदरांकडे वर पाहिलं असेल कोण जाणे. मला त्यातला मधला उंदीर आवडला. तो थांबून मागे बघत असल्यासारखा वाटतो.

बीटनच्या डोळ्यांसमोरचं शहर कसं होतं याचा अंदाज बांधत होते. एम्पायर स्टेट नव्हती, ती १९३१ ची. क्रायसलर बिल्डिंगचं काम तो येण्याच्या जेमतेम दोन महिने आधी सुरू झालेलं. म्हणजे आज आपण ज्या दोन इमारतींवरून न्यूयॉर्क ओळखतो त्या दोन्ही त्यानं पहिल्या खेपेला पाहिल्याच नाहीत. एक्कावन्नाव्या रस्त्यापाशी सेंट बार्थोलोम्यू चर्च आहे, ते तेव्हाही होतं. त्याच्या शेजारचं अँबॅसेडर हॉटेल मात्र पाडलं, तिथे आता चव्वेचाळीस मजल्यांचं ऑफिस उभं आहे. याच हॉटेलात १९५६ मध्ये बीटननं मेरिलिन मन्रोचे फोटो काढले. पलंगावर पडलेली, हातात एक फूल. तो फोटो तिचा स्वतःचा लाडका होता. जागा बघून काही हाती लागलं नाही. काचेच्या दारातून माणसं गळ्यातली कार्डं दाखवून आत जात होती.

मग आणखी वर, शहाऐंशीव्या रस्त्यावरचं १०४० पार्क अव्हेन्यू. इथे वरच्या मजल्यांवर ‘व्होग’चे मालक काँडे नास्ट राहायचे आणि त्यांच्या पार्ट्यांना कोट्यधीश, नट, लेखक, चित्रकार सगळे एका खोलीत यायचे. जुन्या घराण्यांना हे तेव्हा नवीन होतं. बीटनला दोन माणसांनी हात दिला. एल्सी डी वुल्फ या गृहसजावटकार बाईंनी प्रदर्शनाला जागा दिली, आणि नास्टनी काम. नास्टनी त्याच्या हातातला छोटा कोडॅक सोडायला लावून मोठा, स्टुडिओतला कॅमेरा घ्यायला लावला, तोही बीटनच्या मनाविरुद्ध. पुढचे त्याचे फोटो पाहता नास्टचंच बरोबर होतं.

या इमारतीच्या भिंतीवर, खालचे मजले संपतात तिथे एक नक्षीची पट्टी आहे. मान वर करून नीट बघितली तर त्यात ससे आणि कासवं आहेत, आपल्या गोष्टीतले! पार्क अव्हेन्यूवर, दारवान उभा असलेल्या इमारतीवर ससा-कासव. लांबची लेन्स लावून फोटो काढलाय, बाबांना दाखव.

मंगळवार

आज खरी भेट. एजन्सीचं नाव लिहीत नाही. बाई पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर, बोलणं कमी. प्रिंट्स भरभर उलटत होत्या. आपल्या त्या ताजमधल्या फोटोवर थांबल्या, ज्यात ती मागे वळून बघतेय आणि झुंबर तिच्या कानातल्यात उतरलंय. विचारलं, ‘ही कोण?’ मी सांगितलं, अमक्या उद्योगपतींची सून. नवऱ्यापासून वेगळं झाल्याची बातमी फुटल्यावर पहिल्यांदाच चारचौघांत आली होती त्या रात्री. बाईंनी मान हलवली, आपण कुणाच्या लांबच्या नातलगाच्या आजारपणाची हकिकत ऐकताना हलवतो तशी. पुढचा फोटो. ‘हा कोण?’ पुन्हा मी गोष्ट सांगितली. असं आठदहा वेळा झाल्यावर त्या म्हणाल्या, नावं काढून टाकली तर यातले किती उरतील?

आणि मग, राजवाड्यांतलं काही नाही का?

परतीच्या गाडीत माझा पारा चढलेला होता. राजवाड्याचा राग तर होताच, तो उद्या काढते. पण पहिल्या प्रश्नावर मी अजून भांडतेय, मनातल्या मनात. पेज थ्रीचा फोटो म्हणजे अर्धा फोटो आणि अर्धी खालची ओळ. मुंबईत ती ओळ मला छापावीही लागत नाही, लोक चेहरा बघून स्वतःच वाचतात. तो फोटो अर्ध्या पानावर आला तो झुंबरामुळे नाही. समुद्र ओलांडला आणि ती ओळ पुसली गेली. मग उरलं काय, तर एक देखणी बाई आणि झुंबर.

बीटनची गोष्ट वेगळी होती, हे बाईंना सांगायला हवं होतं. तो आला तो लॉर्ड आणि लेडी मंडळींचे फोटो घेऊन. आणि न्यूयॉर्कच्या पैसेवाल्यांना इंग्लिश पदव्यांचं वेड त्याच्या कितीतरी आधीपासून. इथल्या कोट्यधीश व्हँडरबिल्टांची मुलगी कॉन्सुएलो १८९५ मध्ये मार्लबरोच्या ड्यूकला दिली होती, तीही तिच्या मनाविरुद्ध. म्हणजे बीटनच्या फोटोंखालची नावं इथे आधीच चालती होती. हे झालं अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं मला गैरसोयीचं आहे: त्यानं चेहऱ्यामागे चंदेरी कागद लावला, सेलोफेन लावला, फुगे, आरसे, फुलांचे ढीग लावले. समोरची कोण हे माहीत नसलं तरी नजर खिळते. झुंबर आधीपासून तिथे टांगलेलंच होतं. मी काय लावलं?

बुधवार

दिवसभर पाऊस. घरीच.

व्हिसाच्या वकिलांशी फोनवर बोलले. इथे येऊन रीतसर काम करायचं तर ओ-वन व्हिसा हवा, आपल्या क्षेत्रात नाव कमावलेल्यांसाठीचा. अर्ज स्वतःचा स्वतः करता येत नाही, इथल्या मालकानं किंवा एजंटनं करायचा. आपल्यावर छापून आलेलं, बक्षिसं, आणि जाणत्या लोकांची शिफारसपत्रं जोडायची. म्हणजे बीटनला जे डोळा मारून खोट्या नावानं करावं लागलं ते आता सरकारच मागतं! फक्त सही खऱ्या माणसाची हवी.

आता राजवाडे. काल तिथे सुचलं नाही ते आज पावसात बसून फोनवर शोधून काढलं. इंदूरचे यशवंतराव होळकर आणि संयोगिताराणी, १९३० च्या आसपास, फोटोग्राफर मॅन रे. हा मॅन रे ब्रुकलिनमध्ये वाढला आणि नशीब काढायला १९२१ मध्ये पॅरिसला गेला, म्हणजे आमच्या उलट्या दिशेनं. फोटोत हत्ती नाही, सिंहासन नाही, झिरमिळ्यांचं छत्र नाही. एक उंच शिडशिडीत तरुण आणि त्याची बायको एकमेकांच्या अंगावर रेलून हसताहेत, कॅमेऱ्याचं भान सुटल्यासारखे. खालचं नाव झाकलं तरी बघावंसं वाटतं. आणि नाव वाचल्यावर आणखी. बाईंना याची लिंक पाठवली. सोबत एकच ओळ: राजवाड्यातले लोक असेही असतात.

आपल्या होळकरांनी माझी बाजू मांडली म्हणायची, आणि बाईंचीही.

गुरुवार

एकशे तिनाव्या रस्त्यापाशी, फिफ्थ अव्हेन्यूवर म्युझियम ऑफ द सिटी ऑफ न्यूयॉर्क आहे. त्यांच्याकडे बायरन कंपनीच्या फोटोंचा मोठा संग्रह आहे. सगळा काही भिंतीवर लावत नाहीत, बराचसा त्यांच्या संकेतस्थळावर. मी तिथल्या बाकावर बसून फोनवर बघत होते, म्हणजे घरी बसूनही जमलं असतं. पण नाही, तिथे बसूनच बघायचं होतं.

जोसेफ बायरन इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचा, १८८८ मध्ये इथे आला, चार वर्षांनी कंपनी काढली. ३१ जानेवारी १९०५ ला जेम्स हेझन हाइड नावाच्या श्रीमंत तरुणानं शेरीज या हॉटेलात वेशभूषेचा बॉल दिला. हॉलचं व्हर्सायचं उद्यान केलेलं, पाहुणे अठराव्या शतकातल्या फ्रेंच दरबाऱ्यांच्या पोशाखात, आणि बायरनची माणसं कॅमेरे लावून तयार. त्या पार्टीनं हाइड बुडाला. वडिलांनी काढलेल्या विमा कंपनीच्या पैशानं हा थाट केला अशी बोंब झाली, चौकशा लागल्या आणि वर्ष सरता सरता तो फ्रान्सला निघून गेला.

फोटो बघत होते. एकेकाच्या नावासाठी तेव्हा वर्तमानपत्रांनी जीव टाकला असेल. आज त्या नावांशी माझं काहीच देणंघेणं नाही, आणि तरीही मी एकेका फोटोवर अडकत होते. एका बाईंचा पावडर लावलेला टोप किंचित डावीकडे सरकलाय आणि मानेवर तिचे स्वतःचे काळे केस बाहेर आलेत. तिला कुणी सांगितलं नाही. किंवा फोटोग्राफरनं बघितलं आणि गप्प राहिला. मी असते तर गप्प राहिले असते.

याच म्युझियमकडे जेकब रीसचेही फोटो आहेत. तो डेन्मार्कहून १८७० मध्ये आलेला. फ्लॅशची पावडर पेटवून त्यानं रात्रीच्या अंधारात इथल्या चाळी, तळघरं, एकेका खोलीत कोंबलेली माणसं टिपली. त्यांची नावं तर कुणी विचारलीच नव्हती. मुद्दाम जोडी लावून मी काही शिकवण काढत नाही. एवढंच की दोघेही बाहेरून आले होते, आणि दोघांनाही या शहरानं आतल्या खोल्यांत शिरू दिलं. रीसला पुष्कळदा न विचारताच शिरावं लागलं.

संध्याकाळी ताईच्या ओळखीच्या एका पार्टी फोटोग्राफरबरोबर कुठल्याशा मदतनिधीच्या जेवणाला गेले, फक्त बघायला. सगळं आपल्यासारखंच. लोगोंची भिंत, गालिचा, उजेड. फरक एकच. आपल्याकडे पीआरचा पोरगा कानात नाव पुटपुटतो. इथे एक मुलगी टॅब घेऊन उभी, प्रत्येकाकडून स्पेलिंग विचारून घेते, डावीकडून उजवीकडे, आणि मगच फोटो. आधी नाव, मग माणूस. मी मनात त्या एजन्सीच्या बाईंना म्हटलं, एकदा इथे या.

शुक्रवार

नवव्या अव्हेन्यूवरचं बी अँड एच, कॅमेऱ्यांचं दुकान. बाबांना याचे व्हिडिओ आवडतात म्हणून सविस्तर: दुकानात डोक्यावरून पट्टे फिरतात, त्यांवर प्लास्टिकचे ट्रे, ट्रेमध्ये तुमची लेन्स. काउंटरवर मागितली की ती तळघरातून निघते, तुमच्या डोक्यावरून पुढे जाते आणि पैसे भरून झाले की दाराशी हातात पडते. चालवणारे सनातनी ज्यू. शुक्रवारी दुपारीच बंद, शनिवारी पूर्ण बंद, संकेतस्थळावरसुद्धा त्या वेळात खरेदी होत नाही. ऐन धंद्याच्या दिवशी! मी सकाळीच जाऊन एक फिल्टर घेतला. विक्रेते आजोबा माझ्या कॅमेऱ्याचा पट्टा बघून म्हणाले, हा झिजलाय, पडेल. नवा घ्या असं म्हणाले नाहीत.

तिथे उभी असताना बीटनची ती गोष्ट आठवली जी मला कधीच गिळता आली नाही. १९३८ च्या फेब्रुवारीच्या ‘व्होग’मधल्या त्याच्या एका चित्राच्या कडेला, भिंग लावून वाचावं लागेल इतक्या बारीक अक्षरात त्यानं ज्यूंबद्दल घाण लिहिलं होतं. लोकांनी वाचलं. नास्टनी त्याला बाहेर काढलं. दहा वर्षांपूर्वी ज्यांनी आत घेतलं त्यांनीच. पुढे युद्धातल्या फोटोंनी तो परत उभा राहिला: हॉस्पिटलच्या खाटेवरची, डोक्याला पट्टी बांधलेली तीन वर्षांची मुलगी, १९४० मध्ये ‘लाइफ’ मासिकाच्या मुखपृष्ठावर. ताकदीचा फोटो आहे, वाद नाही. पण माणूस मला आवडत नाही, आणि त्याच्या रस्त्यांवरून मी आठवडा काढतेय, हेही खरं.

शनिवार

फिफ्थ अव्हेन्यू आणि सत्तावन्नावा रस्ता. हा बिल कनिंगहॅमचा कोपरा. निळं कामगारी जाकीट, सायकल, गळ्यात कॅमेरा. ‘न्यूयॉर्क टाइम्स’साठी दिवसा रस्त्यावरचे कपडे टिपायचा आणि रात्री पार्ट्या. पार्टीत पाण्याचा ग्लाससुद्धा घ्यायचा नाही. कार्नेगी हॉलच्या वरच्या एका छोट्या खोलीत निगेटिव्हच्या कपाटांमध्ये राहायचा. २०१६ मध्ये गेला.

त्याची एक गोष्ट या आठवड्यात माझ्या डोक्यातून जात नाही. १९७८ मध्ये रस्त्यानं चाललेल्या एका बाईच्या फरकोटाचा खांदा त्याला आवडला. काय सुंदर कापलाय, म्हणून त्यानं फोटो काढला. ती हॉलिवूडची नटी ग्रेटा गार्बो आहे हे त्याला नंतर कळलं! त्यानं खांदा बघितला होता.

हातात धरून कॅमेरा चालवायचा आणि रस्ता अडवायचा नाही, एवढं पाळलं तर या शहरात परवाना लागत नाही. उभी राहिले. थंडी मी म्हणत होती, आणि साडेचारलाच सूर्य जातो, त्यामुळे दुपारचे दोन-अडीच तास काय ते. एक बाई सिग्नलला थांबली, साधा काळा कोट. वाऱ्यानं कोटाची कड उलटली आणि आत भडक केशरी अस्तर, आपल्या झेंडूसारखं. तिनं झटकन झाकलं. फोटो मिळाला. कोण होती, कुठली, विचारलं नाही.

मोबदला कुणाकडून घेत नाहीये, तेव्हा नियमातच आहे, काळजी करू नको.

रविवार

रात्रीचं विमान आहे. ताईनं डबा करून दिलाय.

त्या बाईंची मेल आली. होळकरांबद्दल आधी थँक यू, मग लिहिलंय: महिनाअखेरीपर्यंत दहा फोटो पाठवा, एकाखालीही नाव नको, आणि कोण आहे ते मी विचारणार नाही. दहा आवडले तर पुढचं बोलू, अर्जाचंही. होकार नाही, नकारही नाही. खरं सांगू, मला अजूनही वाटतं की नावासकटचा फोटो हाही फोटोच असतो, आणि त्यांनी मुंबईत एक वर्ष काढलं असतं तर त्या झुंबराच्या फोटोवर जास्त वेळ थांबल्या असत्या. हे मी त्यांना लिहिणार आहे. पण दहा पाठवल्यानंतर.

तू एक कर. माझ्या कपाटात खालच्या कप्प्यात काळी हार्ड डिस्क आहे, तिच्यावर ‘नको’ असं लिहिलेली पट्टी चिकटवलीय. संपादकांनी परत केलेले फोटो आहेत तिच्यात, यात कुणी ओळखीचं नाही म्हणून. बांद्र्याच्या त्या लग्नातला फेटा काढून डोकं खाजवणारा काका, लिफ्टच्या आरशात गजरा सैल करणारी मुलगी, असले. बाबांना सांग, २०२२ आणि २०२३ ही दोन फोल्डर आज रात्रीच अपलोडला लावा आणि लॅपटॉप झोपू देऊ नका. विमानतळावरचं वायफाय मिळालं तर मी निवडायला सुरुवात करते.

मंगळवारी पहाटे पोहोचेन. घ्यायला येऊ नका, टॅक्सी करते. बाकी भेटीअंती.

तुझी,
धाकटी